कापूस, माणूस, पाऊस

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी बाईने काय करावे, याविषयी आमच्या वरवट बकालातल्या लोकांची मते ठाम आहेत. तिने 'गजानन विजय'ची पारायणे करावीत, शेगावला दर्शनाला जावे, मुलीच्या बारावीची काळजी वाहावी, आणि अंगात उत्साह फारच असेल तर बचत गटाचे अध्यक्षपद भूषवावे. यांपैकी कशालाही माझी ना नाही. पहिली तीन कर्तव्ये तर मी यथाशक्ती पार पाडतेच. परंतु गेल्या वर्षीच्या जानेवारीत मी मुक्त विद्यापीठात एम. सी. ए.साठी, म्हणजे संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी नाव घातले, आणि गावाचा माझ्याविषयीचा सगळा अंदाज चुकला. किराणा दुकानदाराने साखर जोखता जोखता विचारले, "मॅडम, तुमी तं मराठीच्या ना? मंग हे कायले?"

या वऱ्हाडी 'कायले'ची एक अडचण आहे. 'का' असे विचारले तर कारण सांगून सुटका होते. 'कायले' म्हटले की उपयोग सांगावा लागतो.

कारण सांगणे सोपे आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवते असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेतन आयोग उभा राहतो. माझ्या डोळ्यांपुढे तो एकोणीस वर्षे नुसताच उभा आहे. मी तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे जितके तास फळ्यापुढे उभी राहीन तितक्याच तासांचे पैसे. सुट्यांचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, आणि घरी बसून तपासलेल्या गठ्ठ्यांचे तर नाहीतच. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी नेमणूक. पेरणी आणि माझी नेमणूक एकाच सुमारास व्हायची. फरक एवढाच की पाऊस लांबला तर पेरणी लांबते, माझी नेमणूक पाऊस वेळेवर आला तरी लांबते. त्यातून बी. ए.ला मराठी वाङ्मय घेणारी मुले वर्षावर्षाला कमी होत चालली. आठवड्याचे चौदा तास होते, त्यांचे नऊ झाले. नऊ तासांत घर कसे चालवावे हे कोणत्याही साहित्यशास्त्रात सांगितलेले नाही.

उपयोगाचे मात्र मी दुकानदाराला काही सांगू शकले नाही. या वयात पुण्याच्या एखाद्या कंपनीत जाऊन मी पंचविशीतल्या पोरांच्या रांगेत बसेन, अशी कल्पना माझ्याही मनात कधी आली नाही. मला दुसरा एखादा विषय शिकवता यावा, एवढीच माझी उडी होती. बारावीला माझ्याजवळ विज्ञान होते आणि गणितात गुणही बरे होते. पुढे मी बी. ए.ला गेले ती वडिलांच्या परिस्थितीमुळे; पण मराठीत राहिले ती स्वखुशीने, हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर लोक उगाच कीव करतात. त्या बारावीच्या गणितावरच मला प्रवेश मिळाला. हा अभ्यासक्रम पूर्वी तीन वर्षांचा असे. २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला आहे, आणि ज्यांनी पदवीला संगणक घेतलेला नाही त्यांच्या माथी काही जादा विषय येतात. तेही आले.

घरात या गोष्टीला पहिला होकार मिळाला तो आमच्या मामाजींचा. माझे सासरे चौथी पास आहेत, पण वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले, मुरंबा या खेड्यात १९४६ साली जन्मलेले. त्यांनी १९७२ साली दिल्लीच्या आय. आय. टी.त डॉक्टरेट मिळवली, आणि पुण्याला सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' हा महासंगणक तयार झाला. एवढी माहिती मामाजींना मुखोद्गत आहे. त्यांनी तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र त्यांचा स्वतःचा. "मुरंब्याच्या वावरात पऱ्हाटीच होते ना? आपल्याबी वावरात पऱ्हाटीच हाये. मंग?" भटकरांच्या आणि माझ्या मध्ये नागपूर, बडोदे आणि दिल्ली एवढी गावे आहेत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले नाही. होकार मिळत असताना तर्कशास्त्र काढू नये.

अभ्यासकेंद्र जिल्ह्याबाहेर. रविवारी पहाटेची एस. टी. धरून शेगाव, तिथून रेल्वे, आणि साडेदहाला वर्गात. वर्गातली बहुतेक मुले बावीस-तेवीस वर्षांची. गावाचे नाव सांगितले की ती गालातल्या गालात हसत. 'बकाल' हा शब्द आता आपण घाणेरड्या वस्तीला लावतो. पण मूळचा अरबी 'बक्काल' म्हणजे वाणी, किराणा विकणारा. आमचे गाव आजूबाजूच्या खेड्यांची बाजारपेठ आहे, तेव्हा हा जुना अर्थच मी माझ्यापुरता गावाला लावून घेतला आहे. या व्युत्पत्तीवर मी त्या मुलांचा पाच मिनिटांचा तास घेतला, त्यानंतर कोणी हसले नाही.

प्रयोगशाळेत शिकवायला जो तरुण होता तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. पहिल्या वर्षाला माझ्याकडे त्याला मराठी होते. मला पाहून तो खुर्चीवरून उठला, आणि मग सगळा तास उभाच राहिला; बसावे की नाही हे त्याला ठरवता येईना. त्याच्या एका निबंधाखाली मी लाल शाईने 'विरामचिन्हे?' असे लिहिले होते म्हणे. ते त्याला पाठ होते. पहिल्याच दिवशी त्याने आम्हांला 'सी' नावाची भाषा शिकवायला घेतली आणि जरा हसून म्हणाला, "मॅडम, हिच्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम लागते. नाही देला तं मशीन पुढं जातच नाही."

वाचकहो, त्या क्षणी मला काय वाटले ते मराठीच्या शिक्षकांनाच कळेल! अर्धविराम हे मराठीतले सर्वांत उपेक्षित चिन्ह आहे. पूर्णविराम लोक देतात, स्वल्पविराम कुठेही देतात, उद्गारचिन्हे तर तीन-तीन देतात. पण अर्धविराम कोणाला आठवत नाही. मी एकोणीस वर्षे त्याची वकिली केली आणि एकोणीस वर्षे खटला हरत आले. इथे मात्र असे एक न्यायालय निघाले, की तेवढ्या एका चिन्हावाचून ते अख्खा अर्ज फेटाळते. वर्गातली मुले पडद्याकडे टक लावून आपली आज्ञावली का चालत नाही ते शोधत बसत. मी मागून जाताजाता बोट ठेवी, "इथे." त्यात हुशारी काही नाही. ज्या बाईने उत्तरपत्रिकांचे इतके गठ्ठे तपासले, तिची नजर न दिलेल्या चिन्हावर आपोआप जाते. दोन-तीन रविवारांत माझी खुर्ची मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आली. 'पायथॉन' नावाच्या दुसऱ्या भाषेत अर्धविरामाची गरज नसते. तिथे ओळ समासापासून किती आत घेतली यावर अर्थ ठरतो. आमचे प्राथमिक शाळेतले गुरुजी समास सोडला नाही की वही फेकून देत. ते काळाच्या फार पुढे होते.

पुस्तकांत इतिहासही होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला. देवनागरी आणि इतर भारतीय लिप्यांसाठी संगणकातले संकेत भारतीय मानक म्हणून पक्के झाले ते १९९१ साली. मधली तीस-एकतीस वर्षे यंत्र आपल्याकडे होते, पण त्याला आपली अक्षरे कोणत्या आकड्यांनी ओळखायची याचा सर्वमान्य ठराव नव्हता. त्याच १९९१ साली जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी 'युनिकोड' निघाले आणि त्यात देवनागरीला १२८ घरे मिळाली. तिची मांडणी आपल्या मानकावरूनच घेतलेली आहे. या घरांत जोडाक्षरे नाहीत. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, अशी तीन चिन्हे. मी गंमत म्हणून 'स्त्री' हा शब्द यंत्राला मोजायला दिला. आपल्या दृष्टीने ते एक अक्षर. यंत्राने उत्तर दिले : सहा! स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. एका बाईत एकाच वेळी सहाजणी राबत असतात, हे यंत्राला न सांगता कळले म्हणून मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला.

खरा आदर वाटला तो पुढे, व्याकरणाच्या पाठात. होय, संगणकशास्त्रातही व्याकरण असते, आणि तेच बहुतेकांना जड जाते. जॉन बॅकस आणि पीटर नाऊर यांनी १९५९-६०च्या सुमारास संगणकाच्या भाषेचे नियम मांडण्याची एक नेटकी पद्धत रूढ केली. १९६७ साली इंगरमन नावाच्या एका अभ्यासकाने अमेरिकेतल्या संगणकशास्त्राच्या नियतकालिकाला पत्र लिहून सुचवले, की या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, कारण असले काम त्याने फार पूर्वी करून ठेवले आहे. अष्टाध्यायीत जवळजवळ चार हजार सूत्रे. सामान्य नियम कोणता, त्याचा अपवाद कोणता, दोन नियम एकाच जागी भिडले तर कोणी माघार घ्यायची, याचाही बंदोबस्त तीत आहे. मी एम. ए.ला असताना हे वाचले होते, परीक्षेपुरते. आता रविवारच्या परतीच्या गाडीत, शेंगदाण्याच्या टरफलांत पाय ठेवून तेच पुन्हा वाचताना वाटले, की मी नव्या गावाला आलेच नाही. आपल्याच वाड्याच्या मागच्या दाराने आत शिरले आहे.

शेवटच्या सहामाहीला एक प्रकल्प करायचा असतो. मुले दवाखान्याची नोंदवही, हॉटेलची बिले असे काही करतात. मी ठरवले, की यंत्राला मराठीचे सामान्यरूप शिकवायचे.

ज्यांनी सामान्यरूप शाळेतच सोडले त्यांच्यासाठी थोडे थांबते. आपण 'घर' म्हणतो, पण 'घराला' म्हणताना मध्ये एक काना येतो. 'घोडा'चे 'घोड्याला' होते. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द जे रूप घेतो ते सामान्यरूप. आता 'कापूस' घ्या. 'कापूसला' कोणी म्हणत नाही, 'कापसाला' म्हणतात. मधला दीर्घ ऊ गुप्त होतो. साध्या यंत्राला हे ठाऊक नसते. त्याला 'कापूस' शोधायला सांगितले, तर ज्या बातमीत 'कापसाचे भाव', 'कापसावर बोंडअळी', 'कापसात ओलावा' असे लिहिले आहे ती ते सोडून देते. आणि बातमीत कापूस नुसता कधी येतो? तो बिचारा नेहमी कुठल्या तरी प्रत्ययाच्या ओझ्याखालीच येतो.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, तेव्हा ते चौदा होते. १९७२ साली त्यांचे अठरा झाले. त्यांत हे सगळे सांगितले आहे. शब्द तीन अक्षरी असून पहिले अक्षर दीर्घ असेल तर मधल्या ई-ऊच्या जागी अ येतो : कापूस-कापसाला, माणूस-माणसाला, लाकूड-लाकडाला, तारीख-तारखेला. पाऊस थोडा आढेवेढे घेतो आणि 'पावसाला' होतो. त्याच्या स्वभावाला ते धरूनच आहे. पहिले अक्षर ऱ्हस्व असेल तर मधला स्वर नुसता ऱ्हस्व होतो : मजूर-मजुराला, गरीब-गरिबाला, विहीर-विहिरीला. (आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असून उपयोग नसतो, पण तो व्याकरणाचा दोष नव्हे.) संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपला दीर्घ सोडत नाहीत : शरीर-शरीराला. म्हणजे 'विहीर' आणि 'शरीर' दिसायला जुळ्या बहिणी, पण यंत्राला त्यांचे कुळ सांगावे लागते. शिवाय 'शाहीर' आणि 'वाघीण'. पहिले अक्षर दीर्घ असूनही 'शाहराला', 'वाघणीला' असे काही होत नाही. दोघेही 'शाहिराला', 'वाघिणीला' अशी आपली रूपे राखून आहेत. अंबाबरवा अभयारण्य आमच्याच संग्रामपूर तालुक्यात आहे, तेव्हा वाघिणीशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही. या दोघांना मी अपवादांच्या यादीत मानाने बसवले.

हे काम पूर्वी कोणी केले नाही असे मुळीच नाही. मुंबईच्या आय. आय. टी.त मराठीचे शब्दजाल तयार झाले आहे आणि तिथल्या अभ्यासकांनी सामान्यरूपाचा पुष्कळ विचार केला आहे. माझा वाटा एका अक्षराचा : 'ले'. आमच्याकडे 'कापसाला' म्हणत नाहीत, 'कापसाले' म्हणतात. 'मले', 'तुमाले', 'माणसाले'. आमच्या भागातला माणूस यंत्राशी बोलेल तेव्हा असेच बोलेल. मार्गदर्शकांनी माझा आराखडा वाचून विचारले, "हे बोलीचे कशाला? प्रमाण मराठी तेवढी ठेवा, सुटसुटीत होईल." मी म्हटले, "सर, 'कशाला' याला आमच्याकडे 'कायले' म्हणतात." ते हसले, आणि 'ले' राहिला.

हे सगळे सुरळीत चालले असे मात्र समजू नका. यंदाच्या जुलैत शेवटच्या सहामाहीची फी भरायची वेळ आली, तेव्हा मागच्या वर्षाच्या तासिकांचे बिल अजून निघालेले नव्हते. मुलीच्या शिकवणीचा हप्ता समोर होता. खताची उधारी होती. मी शेवटची सहामाही पुढच्या वर्षावर टाकायचे ठरवले. मुक्त विद्यापीठात तशी मुभा असते. घरात तसे सांगूनही टाकले. हे काही बोलले नाहीत. मुलगी म्हणाली, "आई, तू परत नाही करणार." तिला कसे कळले ठाऊक नाही, पण पुढच्या वर्षावर टाकलेली कोणतीही गोष्ट आमच्या घरात परत आलेली नाही. माळ्यावर माझे शिवणयंत्र आहे, ते असेच एका 'पुढच्या वर्षी'ची वाट पाहत आहे. त्या रात्री मी प्रकल्पाची वही त्या माळ्यावरच ठेवून दिली.

दोन दिवसांनी मी तास घेऊन परत आले तो ओसरीवर खेडा खरेदीवाला आणि त्याचा काटा. मामाजींनी आतल्या खोलीत चांगल्या भावासाठी राखून ठेवलेला कापूस होता. होळीपासून त्यांनी त्याला हात लावू दिला नव्हता. विषय काढला तरी रागावत. त्यातली गाठोडी एकेक करून बाहेर येत होती. मी म्हटले, "मामाजी, दिवाळीपर्यंत भाव वाढला असता." ते काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "वाढन तवा वाढन. तुही तारीख वाढते काय?"

फीचे पैसे त्यांनी माझ्या हातात दिले नाहीत. मुलीच्या हातात दिले आणि तिला म्हणाले, "भरून ये." वही मी माळ्यावरून काढली, तेव्हा तिच्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा डाग पडला होता. तो अजून आहे.

त्यानंतरचे तीन महिने कसे गेले ते सांगण्यासारखे नाही. तास, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, आणि रात्री अकरानंतर शाहीर, वाघीण, मजूर, तारीख. शब्द स्वप्नात प्रत्यय लावून येत.

गेल्या आठवड्यात आमच्या वावरात सीतादही झाली आणि पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला. मामाजी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. यंत्राकडे बोट करून म्हणाले, "पाय बरं, कापसाले काय भाव हाये?" माझी आज्ञावली अजून इंटरनेटवर फिरत नाही. गेल्या काही महिन्यांच्या बाजारभावाच्या बातम्या मी स्वतः एका फाइलीत जमवल्या आहेत, आणि तपासणीसाठी मुद्दाम काही म्हणी, वाक्प्रचार, मुलांच्या निबंधांतली वाक्येही तीत मिसळली आहेत. मी त्यांचा शब्द जसाच्या तसा, 'कापसाले', असा लिहिला. यंत्राने 'ले' काढला, 'कापसा'वरून 'कापूस' ओळखला, आणि जिथे जिथे कापसाचा, कापसाला, कापसावर असे होते त्या सगळ्या ओळी तारखेवार मांडल्या. सगळ्यांत अलीकडची बातमी आदल्याच दिवशीची होती. मामाजींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. भाव जुलैपेक्षा उतरलेला होता.

"बरं झालं इकला," ते म्हणाले. माझ्या छातीवरचे जुलैपासूनचे ओझे कोणीतरी काट्यावर ठेवल्यासारखे झाले.

मग त्यांना चेव आला. "आता तुरीचं पाय." 'तुरी'वरून 'तूर' काढणे यंत्राला सोपे असते. चार ओळी आल्या. तीन बाजार समितीच्या होत्या. चौथीतही बाजार होता, पण भाव नव्हता : बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. माझी तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे, निकाल त्याच्याही नंतर, आणि नव्या विषयाचे तास कोण देणार हा प्रश्न तर निकालाच्याही पलीकडचा. मामाजींनी ती ओळ शेवटपर्यंत वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि "हे बराबर हाये," एवढेच म्हणून कापूस झाकायला ओसरीवर गेले. आभाळ भरून आले होते.